मागचा आवाज

"पाऊण म्हणजे शेकडा किती, खुशी?"

संध्या बालाघाटच्या आपल्या खोलीत बसून खैरलांजीकडच्या खेड्यांतल्या आठवीच्या मुलांना मोबाइलवर गणित शिकवत होती. उत्तर आलं, पण खुशीच्या आधी कुणीतरी हळूच म्हणालं, "पंच्याहत्तर." मग खुशी मोठ्यानं बोलली, "पंच्याहत्तर, मॅडम."

आठ दिवस हेच चाललं होतं. संध्याचं डोकं फिरलं.

"मांगून कोन सांगून राह्यलं?"

"कोनीच नाही, मॅडम."

"खोटं नको बोलू. सगळे आयकून राह्यले. तुहा पहिला नंबर असाच येते काय?"

पडद्यावर इमोजींची हसरी तोंडं उमटली. संध्यानं कुणालाही टोकलं नाही. "कॅमेरा चालू कर."

"राहू द्या ना, मॅडम."

"चालू कर, नाहीतर तुलेही ग्रुपमधून काढीन."

मागच्याच सोमवारी तिनं चार नावं काढली होती. मुलं वर्गात येत नव्हती. रिकाम्या नावांनी वर्ग ओस वाटतो, म्हणून काढली. कुणाला फोन लावला नव्हता. अहवालात लिहिलं होतं, 'शिकण्याची आवड नाही.'

कॅमेरा चालू झाला. गावातल्या बुद्धविहाराची पायरी दिसली. खुशीला खेटून चौघं बसली होती, मांडीवर वह्या घेऊन. मयुरी, हेमराज, श्रुतिका आणि नथ्थू. तीच चार नावं.

"यायच्या घरचे फोन बाबालोक कामावर घेऊन जातेत," खुशी खाली मान घालून म्हणाली. "तुमी काढलं, मंग मीच बलावलं. चूप बसा म्हनलं होतं मॅडम, पर नथ्थूले उत्तर आलं का त्याच्यानं राहवत नाही."

हसरी तोंडं थांबली. संध्याच्या कानशिलांत ऊन भरल्यासारखं झालं.

"मले काहून नाही सांगतलं, बेटा?"

खुशी वहीचा कोपरा दुमडत राहिली. "वाटलं, मले बी काढाल."

माफी मागायला हवी होती, तीही सगळ्यांसमोर, जसं बोलली होती तसंच. संध्यानं तोंड उघडलं.

"चुकलं माह्यं, खुशी. तुमच्या पाचही जनांशी मी चुकीचं वागली."

खुशी हेमराजकडे पाहू लागली. तेवढ्यात नथ्थू पुढं सरकला. त्याचं नाक पडद्याला टेकायचं तेवढं बाकी होतं.

"मॅडम, आमी दिसून राह्यलो ना?"

"हौ रे, दिसून राह्यले."

"तं तुमी बी दिसा ना. तीन महिने झाले, तुमचा फक्त फळाच दिसते. आमी तुमाले पाह्यलंच नाही."

संध्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणापर्यंत गेलं. मग तिनं ते मागे घेतलं आणि आधी ओढणीनं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. तिकडे पायरीवर पाचही जण फोनजवळ सरकून बसले होते.