जांभळा पेला

थोरल्या जावेने जेवायला बोलावलं आणि टेबल मांडायला धाकटीलाच लावलं. धाकटी राहत होती ते सासूबाईंचं घर विकायला तिची सही हवी होती. नवरा गेल्यावरही अकरा वर्षं तिनेच सासूबाईंची उस्तवार केली होती. त्या गेल्या, तर दुसऱ्याच दिवशी थोरलीने त्यांचे रंगीत काचेचे जुने पेले उचलून आणले. धाकटीने निळे, हिरवे पेले धुऊन, पुसून ताटांशेजारी मांडले आणि ज्यातून ती सासूबाईंना औषध पाजायची, तो जांभळा स्वतःपाशी ठेवला. थोरलीने तो उचलून कपाटात ठेवला नि स्टीलचा आणून आपटला. “तुला हा चालेल. काचेचे घरातल्यांना.” दिरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. धाकटीने पर्स खांद्याला लावली आणि चपला घातल्या. “अगं, सही राहिली,” दीर लगबगीने उठले. “घरातल्यांची घ्या,” म्हणत तिने दार ओढून घेतलं.