पानावरचं मीठ

आमटीला उकळी फुटली तसा मी सवयीने वाफेवर वाकलो. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून देवळाच्या उत्सवात जन्मभर मी मीठ वासावरूनच ओळखलं. दोन वर्षांपूर्वीच्या तापाने नाक नेलं, जीभही नेली. मूठ भरली आणि अंदाजाने टाकली. हे घरीदेखील कुणाला सांगितलेलं नाही. मनाशी एवढंच ठरवलंय, ज्या दिवशी पंगतीतला एक जण जरी ‘अळणी’ म्हणेल, त्या दिवशी झारा खाली ठेवायचा.

पंगत बसली. मी खांबाआड कान देऊन उभा राहिलो. देवळाचे पंच दाजी भुरका मारून म्हणाले, "अण्णा, तीच चव हो." शेजारच्यांनी माना डोलावल्या. माझा जीव भांड्यात पडला.

त्या आनंदात खरकटी पानं उचलायला मीही वाकलो. पानात सगळ्यांत आधी वाढलेलं मीठ एरवी तसंच उरतं. आज एकाही पानावर कण नव्हता.

वाढणाऱ्या कुंदाला विचारलं, "मीठ वाढलं नव्हतंस का गं?"

"वाढलं की. वर दोनदा फिरवलं." तिने मान वर केली नाही. "गेल्या उत्सवातही लागलं होतं. दाजी म्हणाले, अण्णांना कुणी बोलायचं नाही."

तेवढ्यात दाजीच आले. माझ्या हातात नारळ ठेवत म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुम्हीच हं."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. हातांनी तोवर नारळ कपाळाला लावला होता.