कच्चा टाका

पट्टा ताणून बघावा म्हणून चिमीने हिसका दिला, आणि तो पिशवीपासून सुटून तिच्या मुठीतच आला.

मोटरसायकल अंगणात उभी होती. सीटवरून दोन्हीकडे लोंबणाऱ्या जाड कापडाच्या जोडपिशव्या बाबांनी स्वतः शिवल्या होत्या. उजवी पिशवी सायलेन्सरला टेकू नये म्हणून जरा वर घेतलेली. डावी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून तिला पाठीमागून एक जास्तीचा पट्टा. तोच आता तिच्या हातात होता.

तिने पट्ट्याचं टोक उजेडात धरलं. पांढरा सुती दोरा. मशीनवर घेण्याआधी शर्टाची दुमड जागेवर राहावी म्हणून घालतात तसला धावदोरा. तिने पाय रोवून बाकीचे पट्टे एकेक करून ओढले. एकही हलला नाही. सगळीकडे काळ्या नायलॉनची दुहेरी शिवण, टाक्याला टाका लागलेला. गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बाबा पायरीवर चहा पीत बसले होते.

"बाबा, हा पट्टा कच्चा कसा राहिला?"

"राहिला असेल. दोरा संपला असेल."

ओसरीतल्या मशीनवर काळ्या दोऱ्याचं रीळ गच्च भरलेलं होतं. तिने नुसतं तिकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं आणि तोंड कपात घातलं.

दारात भाजी निवडत बसलेली आत्या म्हणाली, "सांगून टाक ना दादा आता. तिला काय कळायचं राहिलंय?"

"अगं, वाईट काही नव्हतं मनात," बाबा म्हणाले. "गावाबाहेर पडता पडता पिशवी घसरली असती. कपडे रस्त्यावर, गाड्या खोळंबलेल्या. तूच म्हणाली असतीस, मरो ती नोकरी, आणि वळली असतीस घराकडे. एवढंच."

"आणि चाकात गेली असती तर?"

"तू हळू चालवतेस."

चिमीने पट्ट्यातला पांढरा दोरा उसवून काढला. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची नोकरी लागल्याचं तिने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, जा, माझी ना नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन ते गाडीभोवती गुडघ्यांवर फिरले होते. चाकापासून पिशवी किती लांब हवी, इंडिकेटर झाकला जातो का, सगळं मापून. तिने गल्लीभर सांगितलं होतं, असा बाप हवा. आणि त्या मापातच हा टाका बसवलेला. ती हळू चालवते हेही मापात धरलेलं.

"बापाची माया आहे गं ती," आत्या म्हणाली. "दुसरं कोणी करील का एवढं?"

"नाही. दुसरं कोणी नाही करणार."

"आण इकडे," बाबा उठले. "मिनिटात पक्का करून देतो."

"तुम्ही बसा."

तिने मशीनच्या खणातून दाभण घेतलं, काळा दोरा दुहेरी ओवला, जोडपिशव्या गाडीवरून उतरवल्या आणि फरशीवर बसून पट्टा शिवायला घेतला. कापड जाड होतं. दाभण अंगठ्यात रुतलं, तरी तिने हात थांबवला नाही. बाबा जवळ येऊन बघू लागले. मग त्यांना राहवेना.

"तसं नाही. आतून बाहेर काढ सुई. आणि कोपऱ्यात फुली घाल, ताण तिथेच येतो."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, शरम नव्हती. कारागिराची कळकळ होती, अगदी खरी. आणि सांगत होते तेही बरोबर होतं. चिमीने सुई आतून बाहेर काढली. कोपऱ्यात फुली घातली. त्यांचं ऐकावं लागत होतं याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. अंगावरून गोम चालत गेल्यासारखं झालं.

तिने पिशव्या परत गाडीवर टाकल्या, पट्टा गाडीच्या सळईभोवती फिरवून बकलात ओवला, दोन्हीकडचं वजन हाताने तोलून पाहिलं, आणि सीट धरून गाडी गदागदा हलवली. पिशव्या जागच्या हलल्या नाहीत. बाबा पुढे झाले आणि त्यांनी बकलाकडे हात नेला.

"हात लावू नका."

"अगं, घट्ट बसलाय का तेवढं बघतो."

"बाबा. हात लावू नका."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो लुंगीला पुसला, जणू हाताला काहीतरी लागलं होतं. आत्या पुटपुटली, "असं बोलतात का बापाला? जाताना तरी." चिमीने हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली आणि फाटकापर्यंत हळूच नेली. ती खरंच हळू चालवायची. फाटक उघडायला बाबाच धावले. कडी त्यांनी जपून काढली, फाटक पिशवीला घासू नये म्हणून अंगाने रेटून धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोचलीस की लगेच फोन कर हं," ते म्हणाले. "तोवर माझ्या जिवाला घोर."