झिवोयिनचा ससा

मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात झिवोयिन एवढा तोंडाळ शिकारी दुसरा नाही. "दुकानातली काडतुसं घेणारे कसले रे शिकारी!" असं हिणवत तो दारू तोलून, छर्रे भरून स्वतःची काडतुसं घरीच बनवायचा. शिकारीची पिशवी मात्र मोसमभर रिकामी. शेवटी एका बाजाराच्या दिवशी तो ससा घेऊन घरी आला आणि त्यानं मेहुण्यांना जेवायला बोलावलं.

"अहो, सोलताना एकही छर्रा नाही सापडला," बायको रोसांदा म्हणाली.

"तुला काय कळतंय? खोल रुतलेत. दाताखाली येतील तेव्हा बघशील. जा, टेबल मांड, मीठ मी बघतो," असं खेकसून त्यानं तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. चुलीवर झाकलेली दोन मडकी रटरटत होती.

सगळे जेवायला बसले. पहिल्याच घासाला मेहुणा तिहोमिरच्या दाताखाली कटकन काहीतरी आलं. त्यानं छर्रा थुंकून तळहातावर घेतला. झिवोयिन टेबलावर मूठ आपटून ओरडला, "बघा! माझ्या हातचं काडतूस!"

तिहोमिरनं तो छर्रा ताटलीच्या कडेला ठेवला आणि विचारलं,

"दाजी, ससा अजून चुलीवरच आहे. हा घेवडा कुठल्या रानात मारलात?"