रिकामं मनगट

जेवणाआधी हात धुताना लिफ्टच्या मिस्त्रीचं लक्ष मनगटाकडे गेलं. मनगट रिकामं होतं. नळ तसाच वाहत राहिला.

दुरुस्तीच्या वेळी, दार बंद आहे असं लिफ्टला भासवायला, वरच्या पॅनलमध्ये लाल वायरचा तुकडा जोडतात. तो तिथेच राहिला तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट निघते. म्हणून मालकांचा दंडक होता, वायर एकतर पॅनलमध्ये, नाहीतर मनगटावर. ज्याची विसरेल त्याला नारळ, असं सगळेच धरून चालले होते. मालक स्वतः मात्र लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. कितीही मजले असोत, जिन्यानेच. माणसं पाठीमागे हसायची, "धंदा लिफ्टचा, भरवसा पायांवर."

"अहो, ताट वाढलंय," बायको म्हणाली.

तो अनवाणीच पळत सुटला होता. ओठांवर देवाचं नाव होतं, मनात मात्र वेगळंच. सकाळी लिफ्ट दुरुस्त केली त्या इमारतीच्या गच्चीवर जायचं, वायर गुपचूप काढायची, कुणाला पत्ता लागायचा नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर शाळेची गाडी त्याला मागे टाकून गेली. त्याच इमारतीची मुलं. त्यातल्याच एकीने सकाळी विचारलं होतं, "काका, लिफ्ट बरी झाली?" आणि तो म्हणाला होता, "ठणठणीत."

गाडीच्या पुढे पळणं माणसाच्या पायांत नव्हतं. त्याने खिशातला फोन काढला.

"वॉचमन, मेन स्विच पाड. आत्ताच्या आत्ता."

"अहो मिस्त्री, लोक शिव्या घालतील."

"मला घालू देत. माझी वायर राहिलीय आत."

मग मालकांना फोन. तेच शब्द. पलीकडून फोन बंद झाला.

तो पोचला तेव्हा मुलं कुरकुरत जिना चढत होती. त्याने ती डोळे भरून पाहिली. वर जाऊन वायर काढली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला. नोकरी गेली. घरचं वाढलेलं ताट डोळ्यांपुढे आलं.

जिन्यात धापा ऐकू आल्या. मालक दारात येऊन उभे राहिले. मिस्त्रीने मान खाली घालून वायर पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि त्याच्याच मनगटाला सावकाश गुंडाळली.

"माझी राहिली होती," ते म्हणाले, "तेव्हा मी कुणालाच फोन केला नाही. नुसता पळत राहिलो."