भागोजींच्या पडवीतलं नेटलिंक

कर्नेलने याही वेळी काही उत्तर दिलं नाही.

निशिगंधा भागोजींच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. समोर एक छोटी पेटी. पावसाळ्यात उमरठकडून वर येणारा रस्ता दरडीने बंद झाला आणि मोबाईलचा टॉवरही गेला, तर ही पेटी वाडीचा निरोप रेडिओवरून महाडला पोचवणार होती. त्यासाठी टॉवर जाताच पेटीतल्या कर्नेलला, म्हणजे तिच्या संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रामला, नवी वाट सांगावी लागणार होती. ती सांगायची पद्धत म्हणजे नेटलिंक. तिच्याबद्दल फार थोडं लिहिलेलं होतं, आणि तेही ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी. उत्तर नाही आलं की निशिगंधा कर्नेलला धाडायच्या निरोपात काहीतरी बदलायची, पेटी बंद करून पुन्हा सुरू करायची, म्हणजे आधीचं सगळं पुसलं जायचं.

"घेत नाहीये ते," यशराज म्हणाला. दोघं अशा पेट्या बसवणाऱ्या एकाच संस्थेत होते. "आणि भागोजी आजोबांचंही तेच."

रेडिओचा खांब उभा करायला भागोजींच्या माळाशिवाय जागा नव्हती. महाडची बाजू तिथूनच मोकळी दिसायची. सकाळी तिने त्यांना विचारलं होतं. भागोजींनी माळाकडे पाहिलं, चंची कमरेला खोचली आणि पहार घेऊन निघून गेले.

"संस्थेला कळवून टाकतो, जागा मिळत नाही," यशराज म्हणाला. "पेटी दुसऱ्या गावाला देतील."

"थांब जरा."

भागोजींच्या बायको, बनुबाई, कोरा चहा घेऊन आल्या. "काय म्हनतोय तुमचा डबा?"

"बोलतच नाही, आजी."

"मंग आमच्या म्हाताऱ्याचा भाऊच दिसतोय."

सगळे हसले. चहाच्या नादात पेटी बंद करायची राहिली, आणि काही न बदलता तोच निरोप पुन्हा गेला.

उत्तर आलं. चूक : ही वाट आधीच आहे.

निशिगंधाने कप खाली ठेवला. लॅपटॉपवर कर्नेलचा मूळ कोड होता, तो उघडून ती सावकाश वाचत गेली. निरोप मिळाल्याची पोच मागितली नसेल, तर कर्नेल काम अडल्यावरच बोलतो. काम झालं की गप्प. तिने पोच कधी मागितलीच नव्हती.

"यशराज, कळवू नकोस अजून. मी आजोबांना परत विचारते."

"तेच?"

"तेच. शब्दही न बदलता."

उन्हं कलताना भागोजी आले. हात कोपरापर्यंत लाल मातीने भरले होते. निशिगंधा उठून उभी राहिली.

"आजोबा, तुमच्या माळावर खांबाला जागा द्याल का?"

भागोजींनी पहार भिंतीला टेकवली.

"सकाळीच इचारलंस ना गो? खड्डा कवाच झाला खांदून."