कोमट लस

मायाक्कानं लसीच्या पेटीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. तळाला पाणी होतं, आणि ते कोमट होतं.

"ह्यात बरफ असतोय न्हवं?"

"सकाळी होता," स्कूटरला टेकून उभी असलेली रुपाली म्हणाली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातनं ती लस टोचायला बत्तीस किलोमीटर आली होती. "उसाच्या रसाच्या गाड्यावरनं घेतला होता, मावशी. वाटेत विरघळला."

जाळीच्या आत सव्वाशे मेंढरं भुकेनं ओरडत होती. डॉक्टरीणबाई येणार म्हणून मायाक्कानं सकाळपासून ती चरायला सोडली नव्हती. आता ऊन डोक्यावर आलं होतं. तिचा नवरा धुळाप्पा धोतर खोचून, एक मेंढी गुडघ्यात दाबून बसला होता.

"अंगणवाडीत पोरास्नी डोस द्येत्यात, तवा बाई पेटीचं झाकण बी उगं उघडत न्हाय," मायाक्का म्हणाली. "मेंढरांच्या औशिदाला बरफ लागत न्हाय व्हय?"

"लागतो."

"मग हे काय आणलंय?"

रुपालीनं एक बाटली उचलली, उन्हात धरली, परत पेटीत ठेवली. "दवाखान्यातला फ्रिज नऊ दिवस बंद आहे. तीन पत्रं लिहिली. साहेब म्हणतात, आहे ती टोचून ये, आजच आकडा वर पाठवायचाय."

"मग टोचा की," धुळाप्पा म्हणाला. "एवढ्या लांबनं आलाय. सरकारी औशिद हाय, थोडा तरी गुण यील."

"नाही येणार, मामा. गरम झाली की ती लस राहत नाही. पाणी टोचल्यासारखंच." रुपालीनं पेटीचं झाकण लावलं. "मी नाही टोचणार."

मायाक्का तिच्याकडं बघत राहिली. गेल्या साली उन्हाळ्यात ह्याच पोरीनं ह्याच मेंढरांना टोचलं होतं. आणि पाऊस लागल्यावर सदतीस मेली होती. तोंडात फोड, नाकातनं पाणी, चार दिवसांत आडवी. धुळाप्पानं सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं, टोचलेली मेंढरं अशी मरत न्हाईत, माज्या बायकूनंच होटगीच्या माळावर दुसऱ्याच्या कळपात घातली आन् रोग घेऊन आली. मायाक्कानं ते वरीसभर खाली मान घालून ऐकलं होतं.

"गेल्या साली," ती म्हणाली, "बरफ हुता?"

रुपाली पेटीचा पट्टा आवळू लागली.

"म्या काय इचारत्याय?"

"नव्हता," रुपाली म्हणाली. "नोकरी नवी होती, मावशी. मला नाही म्हणता आलं नाही."

ती पेटी उचलून पोरीच्या डोक्यात घालावी, असं मायाक्काला वाटलं. तिनं वळून धुळाप्पाकडं बघितलं. गुडघ्यातली मेंढी सुटून पळाली तरी त्याला कळलं नाही.

मायाक्का तरातरा गेली आणि तिनं जाळीची खुंटी उपटली. मेंढरं एकमेकांवर चढत बाहेर पडली.

"अगं, थांब की," धुळाप्पा उठला.

"हात लावू नगंस," ती म्हणाली. तो जागीच थांबला.

तेवढ्यात रुपालीचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, घेऊ की नको असं करत कानाला लावला.

"शून्य, साहेब," ती म्हणाली. "हो, शून्यच लिहा. लस खराब झालीय. मी लेखी देते."

पलीकडचा आवाज चढला. तो दोन हात लांब उभ्या असलेल्या मायाक्कालाही ऐकू आला. "शून्य कसं? गेल्या वर्षी त्याच बाईची दीडशे झालीत. रेकॉर्ड आहे माझ्याकडं."

मायाक्कानं हात पुढं केला. रुपालीनं एक क्षण तिच्याकडं बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"सायेब, म्या मायाक्का बोलत्याय. मेंढरं माजी हायती," ती म्हणाली. "आदी गेल्या सालची ती दीडशे खोडा. मग आजचं शून्य लिवा."